आजोबांच्या दुनळीला स्क्रूचे चोक : वाचकांचे प्रश्न

या वेळी चोकवरच, म्हणजे बंदुकीच्या नळीच्या आवळलेल्या तोंडावरच, एवढे प्रश्न आलेत की स्कोपवाले, एअरगनवाले सगळे पुढच्या अंकात ढकलले. कराडच्या प्रश्नाचं उत्तर लांबलंय, पण खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत म्हणून तो आधी वाचा.

प्रश्न : काका नमस्कार. आमच्याकडं आजोबांची दुनळी आहे, बर्मिंगहॅमची, १२ बोर. आजोबांनंतर वडलांच्या आणि आता माझ्या नावावर लायसन आहे. उजवी नळी हाफ चोक आणि डावी फुल असं आजोबा सांगायचे. मावसभावाच्या नवीन बंदुकीला तोंडाशी स्क्रूचे चोक आहेत, चावीनं फिरवून बदलता येतात, तसा पाच चोकचा सेट ऑनलाइन पण दिसतो. कुपवाड एमआयडीसीत ओळखीचा लेथवाला आहे, तो म्हणतो नळीला आतून आटे पाडून देतो, अर्ध्या तासाचं काम. करून घेऊ का? आणि खरंच काय फरक पडतो का? — एक वाचक, कराड तालुका

उत्तर : लेथवाल्याकडं अजिबात नेऊ नका. माणूस हुशार असेल, त्यात वाद नाही, कुपवाडची पोरं पंपाचा शाफ्ट असा बनवून देतात की कंपनीचा कुठला आणि यांचा कुठला ओळखू येत नाही. पण शस्त्र कायदा १९५९ चं कलम ५ काय म्हणतं, तर बंदूक दुरुस्त करणं, तिच्यात बदल करणं, तिची चाचणी घेणं हे ज्याच्याकडं त्या धंद्याचं लायसन आहे त्यानंच करायचं. तुमचं लायसन बंदूक बाळगायचं, आणि लेथवाल्याकडं तर कसलंच नाही. दोन दिवस बंदूक त्याच्या शेडमध्ये राहिली आणि कुणी नाव घेतलं तर तो पण गुंतला आणि तुम्ही पण, लायसनचं काय होईल ते वेगळंच. काम करायचंच असेल तर लायसनवाला गनस्मिथ, टाकताना पावती, पावतीवर बंदुकीचा नंबर. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत आधी एक साधा अर्ज देऊन ठेवा की असं असं काम करून घेतोय, पोच घ्या आणि लायसनच्या प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवा.

हे झालं कागदाचं. आता लोखंडाचं बोलू.

१२ बोरची नळी आतून ०.७२९ इंच धरतात, म्हणजे साडेअठरा मिलिमीटर. चोक म्हणजे तोंडाशी, शेवटच्या दोनतीन इंचात ही नळी जराशी आवळलेली असते. किती आवळली ते पॉइंटमध्ये सांगतात, एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. क्वार्टर चोक १० पॉइंट, हाफ २०, थ्री-क्वार्टर ३०, फुल ४० च्या आसपास. म्हणजे तुमची फुल चोकची नळी बाकीच्या नळीपेक्षा तोंडाला फक्त एक मिलिमीटरनं बारीक आहे, छर्रे पसरणार का गठ्ठ्यानं जाणार हे त्या एका मिलिमीटरवर ठरतं.

स्क्रू चोक बसवायचा म्हणजे हा आवळलेला भाग आतून रीमरनं (भोक मोठं करायच्या कटरनं) काढून टाकायचा, तिथं आणखी जागा करायची, आटे पाडायचे आणि त्यात पातळ नळकांडं फिरवून बसवायचं. १२ बोरच्या पातळ चोकांना बरेच वेळा २५/३२ इंचाचा आटा असतो, म्हणजे ०.७८१. आता गणित करा. जुन्या हलक्या दुनळीच्या तोंडाला व्हर्निअर लावला आणि बाहेरचा व्यास समजा ०.८१० भरला, तर त्यातनं ०.७८१ गेले, राहिले २९ पॉइंट, आणि ते पण दोन बाजूंत वाटून. एका बाजूला साडेचौदा पॉइंट लोखंड, मिलिमीटरच्या हिशेबात ०.३७. आणि हे सुद्धा नळीचं भोक बरोबर मधोमध असेल तर. जुन्या नळ्या बाहेरून हातानं कानस मारून उतरवलेल्या असायच्या, त्यामुळं भोक मधोमध असेलच असं नाही, मग एका बाजूला २० राहतात आणि दुसऱ्या बाजूला ९. ज्या बाजूला ९ आहेत तिथंच एक दिवस फुगवटा येणार.

लेथवाला नेमका इथंच चुकतो. तो नळी बाहेरून चकमध्ये धरणार, बाहेरच्या व्यासाला सेंटर करणार आणि आत टूल घालणार. पाहिजे उलटं, रीमरच्या पुढं भोकाच्या मापाचा पायलट पाहिजे, म्हणजे रीमर भोकाच्या रेषेत चालतो, बाहेरून नळी कशी का असेना. चोक नळीच्या रेषेपासून पाव डिग्री जरी कलला तरी ४० यार्डावर बार सव्वासहा इंच बाजूला जातो. मग तुम्ही म्हणणार बंदुकीची मक्खी (नेम धरायचा तोंडावरचा मणी) वाकडी आहे.

आणि ही तर एकनळीची गोष्ट झाली, तुमची दुनळी आहे. एक काम करा, बंदूक रिकामी आहे याची दोनदा खात्री करा, नळ्या दस्त्यापासून उतरवा आणि तोंड उजेडात धरून बघा. दोन वर्तुळं एकमेकांना टेकलेली दिसतील, आणि टेकतात तिथं बारीक पांढरट रेघ, ती कथलाच्या डागाची. दोन्ही नळ्या मागं एकमेकींपासून लांब असतात आणि तोंडाकडं येताना जवळ येतात, म्हणजे दोन्ही बार पुढं एका जागी पडावेत. तोंडाशी जवळ आणण्यासाठी बऱ्याच कारागिरांनी दोन्हींच्या आतल्या कडा घासून सपाट केलेल्या असतात. म्हणजे जिथं नळी सगळ्यात पातळ, तिथंच बाहेरून व्हर्निअर पण जात नाही, ती भिंत मोजायला वेगळा गेज लागतो. वरची आणि खालची पट्टी नुसत्या कथलानं चिकटवलेली असते, चकचा दाब आणि कामाची उष्णता तिला सोसत नाही. पट्टी आत्ताच सुटलीय का ते घरी कळतं, नळ्या त्यांच्या खालच्या हुकाला दोरीनं टांगा आणि बोटाच्या पेरानं टिचकी मारा. लांब टण्ण वाजलं तर डाग घट्ट आहे, बद्द वाजलं तर कुठंतरी सुटलाय आणि आत गंज शिरलाय. तसं असेल तर चोकचा विचार सोडा, आधी ते काम.

पुढचा घोळ मापाचा. नळ्यांच्या खाली, बंदूक मोडल्यावर, म्हणजे बिजागरीत उघडल्यावर, दिसणाऱ्या सपाट भागावर शिक्के असतात. बर्मिंगहॅमच्या जुन्या शिक्क्यांत मुकुट असतो आणि बोरचा आकडा. तिथं नुसतं १२ असेल तर भोक ०.७२९ चं, १२ वर आणि खाली १ असं असेल तर ०.७४०, १३ खाली १ असेल तर ०.७१९. काडतूस तिन्हींत १२ बोरचंच जातं. पण बाजारातला तयार चोक एकाच मापाला बनवलेला. त्याची मागची कड नळीच्या भोकापेक्षा केसभर मोठी पाहिजे, बारीक असली तर ती कड आत पायरीसारखी उभी राहते, वॅड, म्हणजे काडतुसात दारू आणि छऱ्यांच्या मधला बोळा, तिच्यावर आदळतो, आणि चार बार नीट गेले म्हणून पाचवा नीट जाईल असं नाही. चोक सुटून पुढं उडतो किंवा नळी फुगते. ऑनलाइन दिसणारा पाच चोकचा सेट तुमच्या नळीचं तोंड न बघता बनवलाय एवढं लक्षात ठेवा.

असं नाही की जुन्या दुनळीत हे होतच नाही. इंग्लंडात टीग आणि अमेरिकेत ब्रायली हे लोक असल्याच बंदुकांना कागदासारखे पातळ चोक बसवून देतात, पण प्रत्येक चोक त्या त्या नळीचं माप घेऊन टर्न केलेला असतो, आणि इंग्लंडात अशा कामानं नळी कमजोर झाली तर ती परत प्रूफ हाउसला जाते, जास्त दाबाचे बार टाकून तपासतात आणि मग नवा शिक्का. तुमच्या नळीवरचा शिक्का तिच्यातलं लोखंड शाबूत होतं तेव्हाचा आहे. लोखंड काढलं की त्या शिक्क्याला अर्थ राहिला नाही. आणि नळीवर काळ्या रंगाखाली नागमोडी किंवा पिळाची नक्षी दिसली, म्हणजे डमास्कसची नळी, तर हा विषय तिथंच संपला, तिच्यावर आटे पाडायचे नाहीत आणि खरं तर आजच्या काडतुसांचे बार पण टाकायचे नाहीत.

काडतुसांवरून आठवलं, चोकपेक्षा महत्त्वाचं. जुन्या इंग्लिश दुनळ्यांची घरं, म्हणजे नळीत मागं काडतूस बसतं ती जागा, बरेच वेळा अडीच इंचाची, म्हणजे ६५ मिलिमीटरची असतात. दुकानात ७० मिलिमीटरचं मिळतं. ते घरात आरामात जातं, कारण लिहिलेली लांबी उघडलेल्या केसची, म्हणजे काडतुसाच्या कवचाची, असते, पण उडाल्यावर केसचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं आणि दाब वाढतो. तुमचं घर किती आहे ते गनस्मिथकडून मोजून घ्या, मोजेपर्यंत एक पण बार नको.

आता फायद्याचं. चोक बदलायचाय कशासाठी ते तुमच्या पत्रात कुठंच नाही, आणि बहुतेकांच्या पत्रात नसतं, भावाच्या बंदुकीला आहे म्हणून आपल्याला पाहिजे. तुमची नळी आज काय करते ते आधी बघा. रायफल क्लबच्या रेंजवर परवानगी काढा, ४० यार्डावर, म्हणजे साडेछत्तीस मीटरवर, चार फूट बाय चार फूट कागद लावा, एक बार टाका, आणि मग जिथं छर्रे दाट पडलेत तिथं मध्य धरून ३० इंच व्यासाचं वर्तुळ काढा. आधी वर्तुळ काढून त्याच्यावर नेम धरायचा नाही, उलटं. आतली भोकं मोजा, पेनानं खूण करत मोजा नाहीतर निम्म्यात गोंधळ होतो. सहा नंबरचे छर्रे एका औंसात २७० येतात, काडतुसावर एक पूर्णांक एक सोळांश औंस लिहिलं असेल तर २८७ च्या आसपास. त्यातले ७० टक्के आत तर फुल चोक, ६० टक्के तर हाफ, ५५ च्या आसपास क्वार्टर, ४० टक्के म्हणजे चोक नाहीच. एका कागदावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक नळीचे निदान चारपाच कागद करा.

हे केल्यावर गंमत अशी होते की शिक्का हाफचा आणि कागद सांगतो थ्री-क्वार्टर. कारण ती नळी बनली तेव्हा वॅड फेल्टचे होते, आता प्लॅस्टिकचा कप येतो, तो छऱ्यांना नळीत घासू देत नाही, छर्रे गोल राहतात आणि कमी पसरतात. म्हणजे एकाच नळीत फेल्ट वॅडचं काडतूस आणि प्लॅस्टिक कपाचं काडतूस यांचा पॅटर्न वेगळा. जे काम करायला तुम्ही नळीत आटे पाडायला निघालाय ते काम काडतूस बदलून बरंचसं होतं. आपल्याकडं खडकीच्या फॅक्टरीचं शक्तिमान सगळ्यांना माहीत आहे, दुकानात आणखी काय मिळतंय ते बघा, लायसनवरच्या कोट्यात बसेल तेवढं घ्या आणि कागदावर तपासा.

आणि एवढं करून उजवी नळी जवळच्या कामाला फार आवळ वाटली तर गनस्मिथकडून तो हाफ चोक थोडा उघडून घ्या. त्यात आटे नाहीत, नळकांडं नाही, भिंतीचं लोखंड जात नाही, फक्त आवळलेल्या भागातलं पाचसहा पॉइंट लोखंड होननं, म्हणजे घासायच्या दगडी हत्यारानं, काढायचं. एका दमात दहा पॉइंट काढू द्यायचे नाहीत. तीनचार काढा, कागद मारा, परत बघा. काढलेलं परत घालता येत नाही. डाव्या फुल चोकला हात लावू नका. मग तुमच्याकडं एक उघडी नळी आणि एक आवळ नळी, आणि कुठली उडवायची ते बोटानं ठरवायचं. मावसभाऊ खिशातनं चावी काढून चोक फिरवेपर्यंत तुमचा मागचा ट्रिगर ओढून झालेला असेल. बर्मिंगहॅमच्या ग्रीनरनं १८७० च्या दशकात चोक गाजवला तेव्हापासून दुनळी अशीच चालत आलीय. स्क्रूचे चोक नंतर आले ते एकनळीवाल्यांची सोय म्हणून, विंचेस्टरनं १९६९ ला विंचोक काढला तो पंपगनसाठी.

एकनळी असती, नळी जाड असती, तर माझं उत्तर वेगळं असतं. भिंत मोजून १५ पॉइंटच्या वर सगळीकडून राहत असेल, नळी स्टीलची असेल आणि गनस्मिथकडं पायलटवाला रीमर असेल तर बसवा म्हटलं असतं.

प्रश्न : आमच्या एकनळीचं तोंड फार वर्षांपूर्वी फुटलं होतं म्हणून वडलांनी पुढचं कापून घेतलं, कुणाकडून ते माहीत नाही. आता छर्रे फारच पसरतात. चोक परत येईल का? — एक वाचक, पाटण

उत्तर : चोक तोंडाच्या शेवटच्या दोनतीन इंचातच असतो, त्यामुळं कापलं की तो गेलाच, तुमची नळी आता सरळ पाइप आहे. पण चोकच्या आधी टेप घ्या. बंदूक बंद करून तोंडातनं साफ करायची काठी आत घाला, टेकेल तिथं खूण करा आणि ती लांबी मोजा. शस्त्र कायद्यात संरक्षणासाठी किंवा खेळासाठी गुळगुळीत नळीच्या बंदुकीचं लायसन देताना नळी २० इंचापेक्षा कमी नको असं कलम १३ मध्ये आहे, आणि नळी कापून आखूड करणं हे कलम ६ खाली वेगळ्या लायसनशिवाय होतच नाही. २० च्या वर भरत असेल तरी लायसनवर आणि जुन्या कागदांवर काय लिहिलंय ते बघा, शंका असेल तर वकिलाला दाखवा, स्वतः हातात बंदूक घेऊन ठाण्यात विचारायला जाऊ नका, आधी कागद.

कागद नीट असले तर दोन वाटा. एक स्क्रू चोक, पण कापलेल्या जागी नळी बाहेरून निमुळतीच राहिलेली असते, वर चोकचं जादा लोखंड पण गेलेलं, त्यामुळं भिंत बहुतेक पुरणार नाही. दुसरी वाट म्हणजे तोंडाच्या जरा मागं नळी आतून थोडी रुंद करायची, तोंड आहे तसंच ठेवायचं, म्हणजे छर्रे रुंद भागातनं येऊन तोंडाशी आवळले जातात. याला जग चोक म्हणतात. फुल चोक होणार नाही, क्वार्टर-हाफपर्यंत आला तर नशीब. त्यालाही भिंत पाहिजेच. आणि फुटलं कशानं होतं ते विचारा घरात, नळीत माती किंवा चिंधी राहून फुटली असेल तर ठीक, पण नळीच आतनं गंजून खड्डे पडली असेल तर पुढचं कापून मागचं सुधारत नाही.

तुम्ही पाटणचे म्हणून एक जास्तीचं. कोयना-चांदोलीचा भाग सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय बंदूक घेऊन पाऊल टाकायचं नाही, रस्ता तिथनं जातो म्हणून सुद्धा नाही.

प्रश्न : फुल चोकमधून एलजी मारलं तर नळी फुटते असं म्हणतात. खरं का? रानडुकरं मक्याचं वाटोळं करतायत. — विटा

उत्तर : डुकरांचं आधी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ आहे, पीक खाल्लं म्हणून आपल्या मनानं मारता येत नाही, वनखात्याकडं अर्ज, पंचनामा, त्यांची लेखी परवानगी, आणि त्यात लिहिलंय तेवढंच. नुकसानभरपाईचा अर्ज वेगळा करा, तो लोक विसरतात.

एलजी म्हणजे मोठ्या छऱ्यांचं काडतूस, त्याचा छर्रा ०.३६ इंचाचा. दोन शेजारी ठेवले की ०.७२. नळीच्या ०.७२९ मध्ये ते बसतात, फुल चोकच्या तोंडाला फक्त ०.६८९ उरतं, तिथं शेजारी शेजारी बसत नाहीत, एकमेकांवर चढून, दबून, चेपून बाहेर पडतात. चांगल्या स्टीलच्या नळीला लगेच काही होत नाही, पण चेपलेला छर्रा सरळ जात नाही, म्हणून एलजीला फुल चोकपेक्षा उघडी नळीच बरी. खरा धोका एका गोळीचा आहे, भोकाच्या मापाची गोल गोळी आवळ तोंडातनं जाऊच शकत नाही. इंग्लंडात १८७५ ते १८८७ मधल्या चोकच्या नळ्यांवर इंग्रजीत तसा शिक्काच मारायचे की गोळीसाठी नाही, नंतर नुसतं चोक असं मारायला लागले. तुमच्या नळीवर असं काही असेल तर ते शोभेला नाही.

प्रश्न : स्क्रू चोक नळीत अडकून बसलाय, चावीनं हलत नाही. पक्कड लावू का? — मिरज

उत्तर : पक्कड नको, चोकचं तोंड चेपलं की तो कधीच निघणार नाही. बंदूक रिकामी, नळी उतरवून तोंड खाली करून टांगा, गंज सोडवायचं तेल आट्यांवर मारा, रात्रभर ठेवा, परत मारा. मग खाचेत बरोबर बसणारी चावी घेऊन आधी किंचित आवळायच्या दिशेला आणि मग उलटं. नाही निघाला तर गनस्मिथ, त्याच्याकडं आतून फुगणारा मँड्रेल असतो.

हे होतं कशामुळं तर चोक बसवला आणि दोन पावसाळे बघितलाच नाही. आट्यांना पातळ ग्रीस लावा, फार नाही, प्रत्येक वेळी साफ करताना काढून पुसून परत बसवा. हातानं घट्ट आणि वर चावीनं जरासं, बस. बार टाकता टाकता मधेच बघत जा सैल झालाय का, पण बंदूक मोडून, काडतुसं काढून, मगच तोंडाला हात. आणि चोक काढून ठेवला म्हणून रिकाम्या आट्यांतनं बार टाकू नका, तिथली भिंत चोक बसलेला असेल असं धरूनच पातळ केलेली असते.

प्रश्न : द्राक्षबागेत पाखरं फार येतात, छर्रे जास्त पसरावेत म्हणून चोक उघडून घ्यावा का? — तासगाव

उत्तर : नाही. पाखरं मारणं हा गुन्हा आहे, ज्वारीवर येणाऱ्या भोरड्या सुद्धा त्यात आल्या आणि बुलबुल सुद्धा. हाकलायला आवाज लागतो, आवाजाला चोक लागत नाही. बागेला जाळी टाका, खर्च एकदाच आहे. ज्वारीला अजून पण गोफणीएवढं काही नाही, आणि तिला लायसन लागत नाही.

प्रश्न : एक जण म्हणाला नळीच्या तोंडात नाणं घालून बघायचं, आत गेलं तर चोक नाही, अडकलं तर चोक आहे. बरोबर का? — वाई

उत्तर : नाण्यानं फक्त तोंड मोजलं जातं. चोक म्हणजे भोक वजा तोंड. वर सांगितलंय तसं १२ खाली १ शिक्क्याच्या नळीचं भोक ०.७४०, तिचं तोंड ०.७२० असेल तर २० पॉइंट, म्हणजे चांगला हाफ चोक. १३ खाली १ च्या नळीचं तोंड ०.७२० असेल तर चोक शून्य. नाणं दोन्हीकडं सारखंच बसणार. बोर गेज लागतो, आणि भोक काडतूस घालतात त्या मागच्या टोकापासून नऊ इंच पुढं मोजायचं. तुमच्याच पत्रात दुसरं विचारलंय की कुठला ट्रिगर कुठल्या नळीचा, तर शेजारी शेजारी नळ्यांच्या दुनळीत पुढचा ट्रिगर उजवी नळी, मागचा डावी, आणि साधारण उजवी उघडी, डावी आवळ. पण तुमच्या बंदुकीत कुणी हात घातला असेल तर उलटं निघतं, रेंजवर एकेक काडतूस घालून खात्री करा.

प्रश्न : मुलगी क्लबमध्ये ट्रॅप शिकतेय. कुठला चोक ठेवावा? — सांगली

उत्तर : ट्रॅपमध्ये, म्हणजे उडत्या तबकड्या फोडायच्या खेळात, तबकडी लांब जात असते, म्हणून पहिल्या बाराला हाफ किंवा थ्री-क्वार्टर आणि दुसऱ्याला फुल, असं बहुतेक जण ठेवतात. स्पर्धेत काडतुसात २४ ग्रॅमच्या वर छर्रे चालत नाहीत, त्यामुळं पसरवून उपयोग नाही. पण शिकताना मी तिला हाफच ठेवू देईन, तबकडी फुटलेली दिसली की पोरांना हुरूप येतो. आणि चोकपेक्षा दस्त्याची लांबी तिच्या हाताला बसतेय का ते कोचला बघायला सांगा, बाप्यांच्या मापाचा दस्ता असेल तर खांद्याला नीट लागत नाही आणि गालाखालनं बंदूक उचलली जाते, मग बार वरनं जातो. क्लबची बंदूक असेल तर दस्त्याला हात लावायच्या आधी सेक्रेटरींना विचारा.